पाच हजार युजरांचा कौल

८ मे २०२३, सोमवार

देवस्थान समितीची बैठक. कौलाचं बुकिंग यंदापासून ऑनलाइन. मी विरोध केला नाही. रांगेत माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देतात, त्यापेक्षा घरी बसून बटण दाबलेलं बरं. मला समितीवर घेतलं तेच मुळी रांगेसाठी. बायकांना पूर्वी घेत नसत. पण मी उभी असले की कोणी मध्ये घुसत नाही, हे एका जत्रेत सगळ्यांनी पाहिलं. निम्मं गाव माझ्याकडे बीजगणित शिकलेलं आहे.

मिरगाच्या पावसापासून दसऱ्यापर्यंत आमचा देव कौल देत नाही. म्हणून मे महिन्यात मुंबई-दुबईपासून माणसं येऊन थडकतात. जमीन विकू का, मुलाला आखातात धाडू का. धाकू गुरव देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या लावतो. आधी उजवी पडली तर होय, आधी डावी पडली तर नाही. माझा विश्वास नाही. पण लोक त्यावर आयुष्य ठरवतात, तर निदान रांग तरी सरळ असावी.

अध्यक्ष बाबली म्हणाला, “पयल्या दिसाक सगळे एकदम इले आनी साइट पडली तर?”

मी म्हटलं, आमची देवकी पुण्याच्या कंपनीसाठी तेच करते. साइटी पाडून बघते. पगार घेते त्याचा.

“पाडपाचो पगार?” बाबलीला ते नोकरीपेक्षा दरोड्यासारखं वाटलं.

९ मे, मंगळवार

देवकीला समोर बसवलं. लोड टेस्ट म्हणजे काय, दोन वाक्यांत सांग. तिला पाच लागली.

माझ्या शब्दांत — साइटवर खोटी माणसं सोडायची आणि खरी येण्याआधी ती कुठे मोडते ते बघायचं. खोट्यांना व्हर्च्युअल युजर म्हणतात. ती थोडी थोडी वाढवत नेतात, तो रॅम्प-अप. बाकीचं सगळं शुक्रवारच्या म्हापशाच्या बसमध्ये आहे. बसायला जागा आहे तोवर लोड. दारात लटकले की स्ट्रेस. बाजार आटपून सगळे एकदम चढतात तो स्पाइक. सोक टेस्ट वेगळी. गर्दी बेताची, पण थांबतच नाही, तासन्‌तास. बारीक गळती असेल ती त्यात कळते. कृष्णनाथाचा राग सोक जातीचा आहे.

(कृष्णनाथ म्हणजे माझा भाऊ, देवकीचा बाप. वहिनी गेल्यापासून पोर माझ्या हाताखाली वाढली. हे कोणासाठी लिहिते आहे? वही मलाच तर वाचायची आहे.)

थिंक टाइम हा शब्द आवडला. खरा माणूस बटण दाबण्याआधी घटकाभर विचार करतो. खोट्याला ती सवय नसते, म्हणून बाहेरून घालावी लागते. शाळेत अशी सोय असती तर!

“आते, तू आमच्या ऑफिसात ट्रेनिंगला ये,” देवकी म्हणाली.

मी म्हटलं, आधी पाच वाक्यांची दोन कर.

११ मे, गुरुवार

एक मुलगा घरी आला. देवकीने आधी सांगितलं नव्हतं. पाववाल्या पोदेराने उंडे दिले, त्याच्या मागोमाग हा ओसरीवर उभा. नाव जयराम. सावंतवाडीकडचा. मोपाला विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर सुपरवायझर. बाप डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यावर गावी परतला.

कृष्णनाथाने बापाची चौकशी केली आणि सुपारीला पाणी लावायला निघून गेला. दुपारची वेळ. दुपारी कोणी पाणी लावत नाही.

मी विचारलं, “हिच्याशीच लग्न का?”

“भांडताना ती मुद्दा सोडून बोलत नाही.”

लगेच म्हणाला. एक तर मुलगा खरा आहे, नाहीतर पाठ करून आलेला. मी मुद्दाम आडवा प्रश्न टाकला — भांडण कशावरून होतं? तेव्हा मात्र चांगला थांबला, आणि देवकीकडे बघून हसला. खराच असावा.

१२ मे, शुक्रवार

जेवताना कृष्णनाथ बोलला. “डिचोलीची माणसं सांगून आली आहेत. मोठं दुकान. त्यांना काय तोंड दाखवू? ट्रक ड्रायव्हराच्या मुलाला दिली म्हणून सांगू?”

मी म्हटलं, मामलेदार कचेरीत तू आयुष्यभर या टेबलावरची फाइल त्या टेबलावर वाहिलीस, तुला कोणी विचारलं काय तोंड दाखवतोस?

“तू गप्प रव गो पद्मावती.”

मग बराच वेळ आमटीच ओरपली. शेवटी म्हणाला, “देवाला विचारू. कौल उजवा झाला तर मी आड येणार नाही. डावा झाला तर डिचोली.”

“चालेल,” देवकी म्हणाली.

मी तिला विहिरीवर गाठलं. चालेल काय? इतकी शिकलीस, पेडण्याला रजिस्ट्रारकडे जा, सही कर.

“बाबांना दुखवून मी सही करणार नाही, आते.”

म्हणजे सगळं आता दोन पाकळ्यांवर. आणि मिरगाच्या आतच, कारण जयरामची बदली हैदराबादला झाली आहे, जूनमध्ये जातो. दसऱ्यापर्यंत डिचोलीवाले थांबणार नाहीत. कृष्णनाथ त्यांना थांबवणारही नाही.

१४ मे, रविवार

देवकीने समितीला नीट सांगितलं. टेस्ट चालू साइटवर करायची नसते. तिच्यासारखी दुसरी उभारायची, तिच्यावर करायची.

बाबली म्हणाला, “देव एक आसा मगे? मग साइटी दोन कित्याक?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही क्षणभर बिनतोड वाटलं. माझी मलाच लाज वाटली.

शेवटी ठरलं — उद्या आहे त्याच साइटवर टेस्ट, परवा खोटी बुकिंगं पुसायची, बुधवारी लोकांसाठी खुली. बुकिंगला मोबाइल नंबर लागतो. देवकीने समितीच्या आम्हा सगळ्यांचे नंबर आळीपाळीने घातले.

१५ मे, सोमवार

पाच हजार युजर सोडले. साइट पडली नाही. देवकी जरा हिरमुसली.

१६ मे, मंगळवार

घोटाळा.

बुकिंग झालं की देवळातल्या यंत्रातून चिठ्ठी निघते. सकाळच्या पूजेत धाकू ती देवाच्या पायांशी ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो, हा माणूस तुझ्याकडे येतो आहे म्हणून. पूर्वी वहीतून वाचायचा. यंत्र बंद करा हे कोणी सांगितलं नाही. देवकीला यंत्राचा पत्ता नव्हता, बाबलीला युजरांचा.

आम्ही पोचलो तेव्हा चिठ्ठ्यांनी भरलेले दोन हारे देवासमोर. धाकू घामाघूम. कागदाची रिळं संपली तेव्हा स्वतः मोटरसायकलवर पेडण्याला जाऊन नवीन आणली म्हणे. आयुष्यात एवढी भक्ती पाहिली नाही म्हणाला.

देवकीने लॅपटॉप उघडला. “मी आता डिलीट करते.”

“थांब,” धाकू म्हणाला. “गाऱ्हाणां घालून जाला.”

“पण ती माणसं नाहीत!”

“तां तुमी देवाक आदी सांगूक जाय आसलां.”

देवाच्या कानावर घातलेलं मागे घेता येत नाही. बाबलीच्या आजोबांच्या काळात एकाने बैल हरवला म्हणून कौल मागितला, बैल त्याच संध्याकाळी घरी आला, तरी दुसऱ्या दिवशी बैलासकट येऊन त्याला कौल घ्यावा लागला होता. हा दाखला तिघांनी दिला. तिघांच्या बैलाचा रंग वेगळा होता, पण निष्कर्ष एक.

ठराव — पाच हजार युजरांना कौल द्यायचा. विरोधात मी एकटी.

चिठ्ठीवर विषय लिहिलेला असतो. सगळ्यांचा विषय ‘लग्न’.

देवकीला विचारलं, हे कसं? म्हणाली, “यादीत पहिलं तेच होतं, आते.”

मी साइट उघडून बघितली. यादी वर्णानुक्रमे आहे. पहिलं ‘आजार’ आहे.

साइट बंद केली.

१७ मे, बुधवार

कृष्णनाथाने नंबर लावला. सकाळी पहिल्या मिनिटाला, अंघोळ करून, पूर्वेकडे तोंड करून. दिवस मिळाला — २०२८, दिवाळीनंतरचा.

चूक नाही. सरळ भागाकार आहे. पाच हजार भागिले धाकू.

“देवाची इच्छा,” कृष्णनाथ म्हणाला. तोंडावर दुःख नव्हतं. मला राग आला तो याचा.

देवकी जेवली नाही.

१८ मे, गुरुवार

ऑनलाइन बुकिंगवाल्या कौलाचा पहिला दिवस. सभामंडप भरलेला, पण रांगेत कोणीच नाही. मी रिकाम्या रांगेपाशी उभी राहिले. सवय.

“हे युजर खंयचे?” धाकूने विचारलं. “गाऱ्हाण्यात गाव सांगूचो लागता.”

देवकी म्हणाली, सर्व्हर मुंबईला आहे.

“बा देवा म्हाराजा! मुंबयचो युजर नंबर एक तुझ्या पायांकडे इलो आसा. लग्नाची इच्छा धरून. तेका बरो जोडीदार गावता काय नाय, तां सांग म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खा मंडप.

मी सोडून सगळे गंभीर. नंतर पाहिलं तर देवकीही गंभीर. ओठ हलत होते तिचे.

पाकळी कधी चट्‌कन पडते, कधी दुपार होईपर्यंत चिकटून राहते. यालाच रिस्पॉन्स टाइम म्हणतात. देवळात त्याला वरची मर्यादाच नाही. ठरावीक वेळेत उत्तर आलं नाही तर प्रश्न रद्द समजावा, त्याला टाइमआउट म्हणतात, तो देवालाही लावावा, असा ठराव मी मांडला. अनुमोदन मिळालं नाही.

१९ मे, शुक्रवार

अमावास्या. देवळाला सुट्टी. धाकूला सांगितलं, बाबा रे, या व्यवस्थेत बॉटलनेक तू आहेस.

“म्हणजे कितां?”

म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन अडतं.

“तां खरां,” तो खूश झाला. “बापायच्या वेळार सुद्धा तसांच आसलां.”

२१ मे, रविवार

युजर अकराला इतका झटकन उजवा कौल मिळाला की गाऱ्हाण्याचं शेवटचं वाक्य धाकूच्या तोंडातच राहिलं. मंडपात कुजबुज. दैववान आहे म्हणाले.

२२ मे, सोमवार

धारगळहून एक बाई आली. मुलगी बीकॉम आहे, नक्षत्र चांगलं आहे. अकरा नंबरचा पत्ता हवा.

मी सांगितलं, तो मुलगा नाही.

“मुलगी आसली तरी चलता. माझो पुतणयो आसा.”

मुलगी नाही, मुलगा नाही, कोणीच नाही, असं मी शाळेत सांगायचे तसं फळ्याशिवाय समजावलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. उठताना हळूच म्हणाली, “पण सोमवार पाळता मगे?”

२५ मे, गुरुवार

आज युजरांपैकी दोघांना डावा कौल झाला. मंडपात दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या.

जयराम आला होता. मागे खांबाला टेकून उभा. कृष्णनाथाने त्याला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. देवकी त्याच्याजवळ गेली नाही. दोघं सभामंडपाच्या दोन टोकांना, मध्ये बाबली आणि त्याची भावंडं. मी रांगेची दोरी गुंडाळत होते. तीन वेळा गुंडाळली.

संध्याकाळी देवकी म्हणाली, “आते, मीच केलं ना हे?”

मी म्हटलं, मोडतं कुठे ते बघणं तुझं काम, ते तू चोख केलंस. पाणी गरम झालं आहे, अंघोळ कर.

याहून बरं काही सुचायला हवं होतं.

२६ मे, शुक्रवार

म्हापशाला जाताना बसमध्ये सुचलं. कंडक्टर एकेकाला तिकीट देत नाही. “ह्या सातजणांचो एकच म्हापसा” म्हणून एका वेळी फाडतो.

२८ मे, रविवार

समितीपुढे मांडलं. सगळ्या युजरांचं गाव एक, इच्छा एक, दिवस एक. गाऱ्हाणंही एकच घाला.

धाकू कबूल होईना. “पाच हजार लग्नां एका पाकळयेर? देवाच्या खांद्याक किती भार!”

मी म्हटलं, तेच तर बघायचं आहे. त्यालाच लोड म्हणतात.

बाबलीने तोडगा काढला. एकत्र गाऱ्हाणं चालेल का, याचाच आधी कौल लावायचा. ज्याची परीक्षा त्यालाच विचारायचं पेपर सोपा काढू का! पण मी हात वर केला. अनुमोदन म्हणून.

१ जून, गुरुवार

परवानगीचा कौल उजवा.

मग पाच हजारांचा. धाकूने असं गाऱ्हाणं घातलं की मंडपातली पाखरं उडाली. मुंबईच्या समस्त युजरमंडळींची लग्नं व्हावीत, त्यांच्या घरी सुख नांदावं, त्यांना मुलंबाळं व्हावीत. “व्हय म्हाराजा!” मी जेवायला जाऊन आले तरी पाकळ्या तशाच. चार वाजता उजवी पडली.

लोकांनी एकमेकांना गूळ दिला. मलाही. खाल्ला.

मिरगाआधीचा शेवटचा कौल रविवारी. त्या दिवशीचा पहिला नंबर कृष्णनाथाचा. बाबलीने विचारलं कोणाला द्यावा, मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

३ जून, शनिवार

देवकीने आज ऑफिसचं काम केलं, कपडे धुतले, जनेलांच्या काचा पुसल्या, परत पुसल्या. कृष्णनाथ तिला म्हणाला, “डावा झाला तर रडशील?” ती म्हणाली, “नाही.” तो ओसरीवर गेला आणि बराच वेळ पानाला चुना लावत बसला. पान खाल्लं नाही.

त्याला आवडत नाही हे, आता मला दिसतं. एकदा बोलून बसला, आणि बोललेलं मागे कसं घ्यावं ते त्याला येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नाही.

४ जून, रविवार

सविस्तर लिहिते.

देवळात आम्ही आठच्या सुमारास. कृष्णनाथ पुढे, हात जोडून, डोळे मिटून. देवकी त्याच्या मागे, मान खाली. जयराम बाहेर पायरीवर, त्याला आत बोलावलं नव्हतं. समितीचे लोक उजव्या बाजूला. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, रांगेच्या टोकाला, माझ्या जागी.

धाकूने गाऱ्हाणं घातलं. नाव, गाव, मुलाचं नाव, मुलाचं गाव. आवाज साधाच. खऱ्या माणसांना तो आरडाओरड करत नाही. पाकळ्या लावल्या.

बाबली स्वभावाने नीटनेटका. गुरुवारच्या पाच हजार युजरांपुढे ‘कौल झाला’ अशी खूण करायची राहिली होती, ती त्याने देवळात बसल्या बसल्या करून टाकली. सगळ्यांना एकदम, एका बटणात. आणि कौल झाला की साइट मोबाइलवर तसा मेसेज पाठवते.

पाच हजार मेसेज. समितीच्या खिशांत.

आधी बाबलीचा वाजला. मग सगळ्यांचे. कोणाचा शंख, कोणाची आरती, कोणाचा कोंबडा. थांबेचनात. बंद करायला काढले तर हातात थरथरत होते. माझाही पिशवीत वाजत होता. बाबली ओरडला, “देवकी, हां बंद कर गो!” देवकी वळली, मागची माणसं काय झालं म्हणून उठली, एक म्हातारी समजली की भूकंप. कृष्णनाथ तेवढा हलला नाही. डोळे घट्ट मिटलेले.

मी देवळात मोबाइलकडे बघत नाही. मी समोर बघत होते.

एक पाकळी पडली. लगेच तिच्यामागे दुसरी.

“पडल्यो!” कोणीतरी म्हणालं. सगळे वळले. दोन्ही पाकळ्या खाली, देवाच्या पायांशी, पाण्यात.

कृष्णनाथाने डोळे उघडले. “आदी खंयची?”

बाबलीने धाकूकडे बघितलं. धाकू माझ्याकडे बघत होता.

“उजवी,” मी म्हटलं.

“नक्की?” बाबली.

मी त्याच्याकडे बघितलं. नववीत मी त्याला दोनदा बसवला होता.

“बाय सांगता म्हणजे उजवीच,” तो म्हणाला. माझ्या सांगण्यावर या गावात कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

कृष्णनाथाने देवाला हात जोडले. मग वळून बाहेर पायरीपर्यंत गेला आणि जयरामला म्हणाला, “चप्पल काढ आनी भितर ये. असो भायर कित्याक रवलंस?” देवकी रडत होती, रडणार नाही म्हणाली होती तरी.

मोबाइल दुपारपर्यंत वाजत होते.

५ जून, सोमवार

सकाळी धाकू ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, “बाई, डावी आदी पडलेली.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं.

चहा घेतला त्याने. जाताना म्हणाला, “लग्नात गाऱ्हाणां मी घालतलंय.”